पटाची तुतारी आणि इंडियानापोलिसचं दूध

मंडळी, नागऱ्यात बसून अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीवर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आम्हाला मुळात बोलायचंय ते आपल्या शंकरपटाबद्दल. ते सरळ बोलायला गेलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो ‘ही परंपरा आहे’, दुसरा म्हणतो ‘ही क्रूरता आहे’, आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून आज थोडं लांबून येऊ.

इंडियानापोलिसची शर्यत ५०० मैलांची, म्हणजे साधारण ८०० किलोमीटरची. अडीच मैलांच्या रिंगणाला २०० फेऱ्या मारायच्या. पहिली झाली ३० मे १९११ रोजी. रे हॅरून नावाचा चालक जिंकला, त्याला पावणेसात तास लागले. त्या काळी चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते सांगायचा. हॅरून एकटाच बसला. इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्यानं गाडीवर आरसा बसवला. घोड्याच्या गाडीवर लावलेला आरसा पाहून ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे. म्हणजे मोटारीनं उसनं घेतलं ते जनावराच्या गाडीकडून, बरं का!

पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ते रिंगण १९०९ साली बांधलं, तेव्हा त्यावर खडी आणि डांबर पसरलं होतं. ऑगस्टमधल्या पहिल्याच मोटार-शर्यतींत रस्ता उखडला, गाड्या उलटल्या. चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मिळून पाच माणसं मेली. तेव्हा मालकांनी काय केलं? शर्यती बंद केल्या नाहीत, आणि ‘आमचा रस्ता असाच असतो’ असंही म्हणाले नाहीत. ती खडी काढून ३२ लाख विटा बसवल्या. पुढे विटांवरही डांबर आलं. आज फक्त आरंभरेषेवर तीन फूट रुंदीची विटांची पट्टी शिल्लक आहे, आणि जिंकलेला चालक गुडघे टेकून तिचं चुंबन घेतो. लोकांना वाटतं फार जुनी प्रथा. छे! ती १९९६ नंतरची, आणि तीही दुसऱ्याच एका शर्यतीच्या विजेत्यानं त्या रिंगणावर सुरू केलेली.

दुधाचंही तसंच. १९३६ साली लुई मेयर जिंकला आणि घशाला कोरड पडली म्हणून ताक प्यायला. चक्क ताक! वर्तमानपत्रातला तो फोटो दूधधंद्यातल्या एका अधिकाऱ्यानं पाहिला, त्याला त्यात जाहिरात दिसली, आणि विजेत्याच्या हातात दुधाची बाटली आली. मध्ये १९४७ ते १९५५ ही प्रथा बंद होती. पण १९९३ साली एमर्सन फिटिपाल्डीनं दुधाआधी संत्र्याचा रस प्यायला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या, तेही लोकांना खटकलं.

आता गंमत पाहा. रस्ता बदलला, शेजारचा मेकॅनिक गेला, २००२ साली सिमेंटच्या भिंतीपुढे धक्का शोषून घेणारी पोलाद-फोमची भिंत आली, यांपैकी कशालाही ‘परंपरा बुडाली’ असं कुणी म्हटलं नाही. पण बाटली बदलली तर हुर्यो! परंपरेचा जीव कशात असतो हे आधी सांगता येत नाही. काढून पाहिल्यावर कळतं.

आता आपल्या पटाकडे येऊ. धान निघालं की मोकळ्या बांध्यांमध्ये पट आखायचे. बैलांची जोडी, हलका छकडा, वर धुरकरी. दिवसा पट, रात्री नाटक. लेकी-जावई यायचे, सोयरिकी जुळायच्या. आम्ही लहानपणी ‘पटाले जातो’ म्हणून निघायचो ते दुसऱ्या दिवशी सकाळी नाटक पाहून परतायचो. एका वर्षी जिंकलेल्या जोडीच्या अगदी जवळ गेलो. गुलाल उधळला होता. उजवीकडच्या बैलाच्या पुठ्ठ्यावरचा लाल रंग मात्र गुलालाचा नव्हता. तुतारीच्या आरीनं टोचलेलं होतं. आम्ही घरी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही आहे, असंच तेव्हा वाटलं नाही. आज त्याचंच जास्त वाईट वाटतं.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. बैल शरीरानं शर्यतीसाठी घडलेला नाही, तो धावतो ते भीतीनं आणि वेदनेनं, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढे २०१७ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली. प्रत्यक्ष परवानगी १६ डिसेंबर २०२१ रोजी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पशुवैद्यकाकडून बैल तपासावा लागतो. काठी, चाबूक, विजेचा झटका, काही चालत नाही.

साडेसात वर्षं पट थांबला. पुष्कळांना वाटलं, संपलं. इंडियानापोलिसही दोन्ही महायुद्धांत मिळून सहा वर्षं थांबलं होतं. खंड पडल्यानं परंपरा मरतेच असं नाही.

आमचं म्हणणं एवढंच की तुतारी ही आपल्या पटाची १९०९ची खडी आहे. तिला आपण विजेत्याची बाटली समजत होतो. बांधी, गर्दी, धुरकऱ्याची आरोळी, रात्रीचं नाटक, यातलं तुतारीवर काय अवलंबून आहे? काहीच नाही.

पण मंडळी, इथं आमचीच उपमा लंगडी पडते, आणि ते लपवायचं नाही. हॅरून स्वतः होऊन गाडीत बसला होता. भीती असेल तर त्याला उतरता येत होतं. बैलाला उतरता येत नाही. घटनापीठानं सांगितलं ते इतकंच, की ही आपल्या संस्कृतीचा भाग आहे की नाही हे विधिमंडळानं ठरवावं, आणि बदललेल्या नियमांमुळे बैलाचा त्रास बराच कमी होतो. बैलाला पळायचंय का, हा प्रश्न न्यायालयापुढे त्या अर्थानं नव्हताच. तो आपल्यापुढे आहे. नंदीच्या पाठीला हात लावून मगच शंकराकडे पाहणारे आपण, आपल्याला तो टाळता येत नाही.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे: ‘काठी नसेल तर बैल धावेल का?’ खरं सांगायचं तर आम्ही जन्मात कधी छकड्यावर उभे राहिलेलो नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं याचं उत्तर देऊ नये. पुढच्या रांगेत दोघं धुरकरी बसलेत. काठीनं हाकलेलंही त्यांना ठाऊक आहे, आणि आता बिनकाठीनंही ते धावतात. चहा आला आहे. चहानंतर माइक त्यांच्याकडे देऊ.