हुबळीच्या कापडाची वाट धरून कारवारला

सुट्टीत मुलांना घेऊन एका दिवसाची सहल करायची असेल, तर यंदा गोवा राहू द्या आणि कारवार गाठा. पहाटेच निघालात तर येल्लापूरला नाश्ता, मग अरबैल घाट उतरून अंकोला आणि किनाऱ्याने कारवार. घाटात ट्रकांमागे रखडावं लागतंच, तो वेळ हिशेबात धरा.

काळी नदीच्या पलीकडे सदाशिवगड. नाव ऐकून आपल्या मंडळींना लगेच सदाशिवरावभाऊ आठवतात. पण हा गड सोंद्याच्या बसवलिंग राजाने बांधला आणि त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं. महामार्गासाठी डोंगरच कापलेला आहे आणि तटबंदी थोडकीच उरली आहे. राजगड-रायगड डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. वर चढायचं ते देवीच्या दर्शनाला आणि नदी समुद्राला मिळते ते पाहायला.

तिथे बसून मुलांना 1665 ची गोष्ट सांगा. बसरूरच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज गोकर्णाला उतरले आणि अंकोल्यावरून 22 फेब्रुवारीला कारवारला आले. खंडणी गोळा करून दिल्यामुळे गाव वाचलं. इंग्रजांच्या वखारीच्या वाट्याला आले 112 पौंड.

ही वखार इथे होती ती मिरी आणि कापडासाठी. आणि ते कापड घाट उतरून येई आपल्या हुबळीहून! पुढे 1673 मध्ये मराठी फौजेने हुबळीची पेठ लुटली. इंग्रजांचा मालही त्यात गेला आणि भरपाईसाठी कंपनीने बराच तगादा लावला.

शाळेतला एखादा कन्नड मित्र हा विषय काढतो, तेव्हा आपली मुलं गप्प तरी बसतात, नाहीतर भांडतात. हुबळी तेव्हा विजापूरकरांच्या मुलखात होती आणि शत्रूची श्रीमंत पेठ लुटणं हा तेव्हाच्या लढायांचा भागच होता, हे सांगावं. पण नागवले गेले ते व्यापारी आपल्याच गावचे, हेही आईबाबांनी घरातच सांगितलेलं बरं. बाहेरून कळलं की ते टोमण्यासारखं लागतं.

दुपारी मासे खाणाऱ्यांची चंगळ. मग टागोर बीच. रवींद्रनाथ 1883 मध्ये इथे राहिले होते. मुलं मात्र धावतात ती शेजारच्या ‘चपळ’ या निवृत्त युद्धनौकेकडे. साडेचारला गाडीत बसाच, म्हणजे घाट उजेडी चढता येईल.