समुद्राच्या पोटातील लाटा

भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळू लागला, की भीमा फुगते आणि वडगाव रासाईच्या काठाला गढूळ पाणी लागते. शिरूर-दौंडच्या अवर्षणप्रवण टापूतील शेतकऱ्याला नदीचा उगम ठाऊक असतो. परंतु त्या पावसाचा मोठा वाटा अरबी समुद्रावरून येतो, याचा विचार घाटाच्या अलीकडे फारसा होत नाही. म्हणूनच समुद्राच्या पोटात काय घडते, हा प्रश्न केवळ कोकणाचा राहत नाही.

समुद्र म्हटला, की वाऱ्याने उठणारी आणि किनाऱ्यावर फुटणारी लाट डोळ्यांपुढे येते. तिच्याहून कितीतरी प्रचंड लाटा पृष्ठभागाखाली उसळत असतात. समुद्राचे वरचे पाणी उबदार व हलके, खालचे थंड व जड. बाटलीत रंगीत पाणी व त्यावर गोडेतेल घालून ती हळूच कलती केली, तर दोहोंच्या सीमेवर संथ लाट हेलकावताना दिसते. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल. समुद्रातील दोन थरांच्या घनतेत फरक अगदी थोडा असल्याने उचललेले जड पाणी सावकाश खाली येते. त्यामुळे या अंतर्गत लाटांची गती मंद, पण उंची अवाढव्य असते.

त्यांचे एक मोठे जन्मस्थान म्हणजे खंडान्त उतार. मुंबईसमोर उथळ भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. त्याच्या कडेला तळ एकदम खोल जातो. भरती-ओहोटीचा प्रवाह या उतारावर आदळला, की खालचे जड पाणी वर ढकलले जाते, गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली खेचले जाते आणि लाट सुरू होते. ती खोल समुद्राकडे जाते, तशीच किनाऱ्याकडेही येते. उथळ पाण्यात ती फुटते, तेव्हा थर मिसळतात आणि खालची पोषकद्रव्ये वर येऊन मासळीचे अन्न वाढते.

१९७५ साली अपोलो-सोयूझच्या अंतराळवीरांनी अंदमानच्या समुद्रावरील लांबलचक पट्ट्यांची छायाचित्रे घेतली. त्या पट्ट्यांच्या खालील लाटा सुमारे ६० मीटर उंचीच्या असल्याचे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २०२१ साली बाली बेटाजवळ ५३ जणांसह बुडालेली इंडोनेशियाची पाणबुडी अशाच लाटेने खाली ओढली गेली असावी, असा कयास त्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी बोलून दाखविला.

आपल्या दृष्टीने मुख्य मुद्दा मॉन्सूनचा. या लाटांमुळे वरची ऊब व खालचा थंडावा मिसळतो आणि पृष्ठभागाचे तापमान काही अंशी त्यावर ठरते. पावसाच्या अंदाजाची गणिते ज्या पुण्यातील उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत मांडली जातात, तिला समुद्राचे हे अंतरंग डावलता येणार नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई, गोवा, कोल्लम यांच्यासमोरील उतारावर प्रवाहमापक यंत्रे नांगरून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या आहेत. हे काम चिकाटीचे, खर्चाचे आणि प्रसिद्धीविन्मुख आहे. धरणाची भिंत मतदाराला दिसते. समुद्रतळाशी नांगरलेले यंत्र दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रकात त्याच्यावर कात्री चालवणे सोपे असते. मात्र नोंदींची मालिका एकदा तुटली, की गेलेली वर्षे पुन्हा मोजता येत नाहीत. भीमेच्या पाण्यावर जगणाऱ्यांनीच या अदृश्य कामाची बाजू घेतली पाहिजे.