आमच्या परसातला वाल



आमच्या घरामागे परसात कडुनिंबाचे झाड आहे. त्याच्याजवळ आम्ही दरवर्षी वाल लावतो. वाल कसा लावायचा हे मला आजीने शिकवले. ते मी तुम्हाला सांगते.

मृग नक्षत्रात, म्हणजे जूनमध्ये, चांगला पाऊस झाला की बी लावतात. आपल्या बिडकीनची काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात बी कुजते. म्हणून माती थोडी उंच करावी व त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. रात्रभर भिजवलेल्या तीन बिया बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल टोकाव्यात. आठवड्याच्या आत कोंब वर येतो.

वेलाला आधार लागतो. आम्ही कापसाच्या पळाट्या रोवतो आणि तिथून झाडापर्यंत सुतळी बांधतो. मी एकदा वेलाचा शेंडा मुद्दाम उलट्या बाजूने गुंडाळला. दोन दिवसांनी बघते तर तो सुटून पुन्हा आपल्याच बाजूने वळलेला! पाऊस संपला की आम्ही भांडी विसळलेले पाणी वेलाला घालतो.

श्रावणात वेल झाडावर गेला, पण फूल एकही नव्हते. मी आजीला म्हटलं, "हा वेल वाया गेला." आजी म्हणाली, "अगं, दिस लहान होऊ दे, मग बघ." बाईंनीही वर्गात सांगितले, की वालाच्या जुन्या जातींना दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुले येतात. दसऱ्यानंतर खरंच जांभळे तुरे आले.

कोवळ्या शेंड्यावर काळा मावा पडतो. तेव्हा सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरावी. ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये, तो मावा खातो.

दाणा फुगायच्या आत शेंगा तोडाव्यात. एका हाताने वेल धरावा आणि दुसऱ्या हाताने देठासकट शेंग खुडावी. तीन-चार दिवसांनी तोडत राहिलं तर नवी फुले येतात. शेंगा वेलावरच पिकू दिल्या तर फुले कमी होतात. भाजी करताना शेंगांच्या शिरा काढाव्यात. शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी भाकरीबरोबर फार छान लागते. वाळलेले वाल मात्र कच्चे खाऊ नयेत, चांगले शिजवावेत.

आता माझी चूक सांगते. भोगीच्या भाजीसाठी मी टोपलीभर शेंगा तोडल्या. खालच्या मोठ्या शेंगा आजीने बियांसाठी ठेवल्या होत्या. त्याही मी तोडल्या. आजी रागावली नाही, नुसती गप्प बसली. गाडग्यात जुने बी शिल्लक नव्हते. मग तिने सांगितले, १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. घरात धान्य नव्हते, तरी तिच्या आईने मूठभर वाल राखेत घालून जपले, शिजवले नाहीत. हे बी त्याच वालाचे होते. मला रडूच आलं.

मग आम्ही झाडावर शोधले. अगदी शेंड्याला पाच वाळलेल्या शेंगा होत्या! दादाने आकडीने त्या काढल्या. सतरा बिया निघाल्या, एक किडकी होती. सोळा बिया मी स्वतः राखेत घालून गाडग्यात ठेवल्या.

बाईंनी आम्हाला राहीबाई पोपेरे यांची माहिती सांगितली. त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. त्यांनी वालाच्या व इतर पिकांच्या गावरान जातींचे बी जपले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या.

म्हणून मित्रांनो, वाल लावा, भाजी खा, पण चांगल्या पाच-सहा शेंगांना चिंधी बांधून त्या वेलावरच वाळू द्या. पुढच्या वर्षी आमच्याकडे बी जास्त झाले तर मी वर्गात वाटीन.

इयत्ता चौथी