वन्संची सनद

"चाळिशीत कसली परीक्षा आता!" अमेरिकेत सरकारी हिशेबखात्यात असलेल्या माझ्या वन्संना आम्ही सगळ्यांनी हेच म्हटलं. तिथली ए.जी.ए. ही संस्था सरकारी अर्थव्यवहाराची सनद देते. पदवी, २ वर्षांचा अनुभव आणि ३ पेपर हवेत. मुलं निजली की वन्सं अभ्यासाला बसायच्या. दुसऱ्या पेपरात, हिशेब नि अंदाजपत्रकात, नापास झाल्या. रडल्या. मग आईचे डबे आठवले : दुधाचे पैसे वेगळे, फीचे वेगळे, एकातले दुसऱ्याला लावायचे नाहीत. सरकारी निधीचंही तेच! पुन्हा बसल्या नि पास झाल्या. सनद टिकवायला दर २ वर्षांत ८० तास शिकावं लागतं, तेही करतात. मैत्रिणींनो, डबे तर आपल्याही फळीवर आहेत. मग पुस्तक उघडायला वय कशाला आड यावं?