पाहणी झाली, पुढे काय?

विद्यापीठाचे अंतरंग : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण तक्रार निवारण समित्यांचे काम पाहिले. समितीची पायरी माणूस चढतो तेव्हा बहुधा पाणी डोक्यावरून गेलेले असते. कामाच्या जागी काय खुपते आहे हे त्याच्या बरेच आधी कळावे, यासाठी असते कर्मचारी समाधान पाहणी.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला अशी विचारपूस आलेली आहे. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने २०१७ साली मूल्यांकनाची चौकट बदलली, तेव्हा विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला तिच्यात जागा मिळाली. प्राध्यापक, परीक्षा विभागातले लिपिक, प्रयोगशाळा परिचर यांच्यासाठी तसे सर्वेक्षण त्या चौकटीत नव्हते. त्यांच्याबाबत विचारले गेले ते कल्याणकारी योजना कोणत्या आहेत, यासारखे. योजना आहे, पण तिचा लाभ घ्यायला चार टेबले फिरावी लागतात, ही गोष्ट अशा यादीत दिसत नाही. ती कर्मचाऱ्यालाच विचारावी लागते, आणि विद्यापीठाने ते आपणहून करायला हवे.

विचारण्याची रीत जुनीच आहे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच घरांची मोजपट्टी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. पट्टी सोपी आहे, प्रश्न लिहिणे अवघड. ‘वरिष्ठ सहकार्य करतात आणि वेळेवर निर्णय घेतात’ हे विधान घ्या. साहेब स्वभावाने चांगले, पण फाइल महिनाभर त्यांच्याच टेबलावर, असा अनुभव असलेल्याने खूण कुठे करायची? एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी आणि ती शक्य तितकी नेमकी असावी. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ यापेक्षा ‘सेवापुस्तकातल्या नोंदी वेळेवर होतात’ या विधानाचे उत्तर कामी येते.

दुसरी अट गोपनीयतेची. फॉर्मवर नाव नाही, पण विभाग, पद, वय आणि लिंग विचारले आहे. सहा जणांच्या विभागात एकच महिला वरिष्ठ लिपिक असेल, तर तिचे नाव लिहायचे बाकी काय राहिले? म्हणून दहापेक्षा कमी उत्तरे आलेल्या गटाचा निकाल वेगळा काढू नये, असा नियम आधीच जाहीर करावा. भरलेले फॉर्म विभागप्रमुखांकडे जमा करायला तर कधीच सांगू नये. कंत्राटी कर्मचारी आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांना पुढची नेमणूक मिळेल की नाही याचीच धास्ती असते. त्यांना पाहणीतून वगळले, तर ज्यांचे ऐकण्याची सर्वात जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

खरी कसोटी लागते ती उत्तरे हाती आल्यावर. लिकर्ट यांनी १९४६ साली मिशिगन विद्यापीठात सर्वेक्षण संशोधन केंद्र उभे केले. तिथले त्यांचे सहकारी फ्लॉइड मान यांनी डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीत कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर काम केले. काही विभागांत पर्यवेक्षक आणि त्यांच्या हाताखालचे लोक एकत्र बसले, आपापल्या विभागाचे निकाल वाचले आणि काय बदलायचे ते ठरवले. काही विभागांत अशा बैठका झाल्या नाहीत. पुढच्या पाहणीत सुधारणा ठळकपणे दिसली ती बैठका झालेल्या विभागांत. निकाल ज्यांचा, त्यांच्यापर्यंत तो परत गेला पाहिजे, हा त्या कामाचा धडा आजही तितकाच खरा आहे.

आपल्या विद्यापीठांत अशी बैठक घ्यायची, तर आलेल्या उत्तरांचे तीन वाटे करावेत. रजेचे नियोजन, कामाची वाटणी, ऐन सुट्टीच्या वेळी लावल्या जाणाऱ्या बैठका हे विभागाच्या हातातले. ते लगेच मार्गी लावावे. परीक्षाकामाच्या मानधनाची रखडलेली बिले, पदोन्नतीच्या फायली, स्वच्छतागृहांची अवस्था हे विद्यापीठ प्रशासनाकडचे. त्यासाठी जबाबदार अधिकारी आणि तारीख जाहीर करावी. रिक्त पदांच्या भरतीची मान्यता शासनाकडची; तिथे ‘हे आमच्या हातात नाही, पाठपुरावा मात्र करतो आहोत’ असे स्पष्ट सांगावे. खरे कारण कळले, तर माणूस अडचणही समजून घेतो. त्याला सहन होत नाही ते मौन. एकदा मनापासून लिहिलेल्या उत्तराचे काय झाले हे कळले नाही, की पुढच्या वेळी तो सगळीकडे ‘सहमत’वर खूण करून मोकळा होतो आणि पाहणी निकामी होते.

तेव्हा कुलगुरूंनी आणि कुलसचिवांनी पाहणीचे परिपत्रक काढतानाच निकाल विभागांत कधी वाचला जाईल, त्याची तारीखही त्यात घालावी. ती तारीख देण्याची तयारी नसेल, तर प्रश्नावली वाटू नये.

(पुढील भागात : तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे कामाचे वर्ष)