दोन-तीन पावसाळ्यांचा इलाज

भंडारा जिल्ह्यातील धानाची शेती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला मेंदूतील रक्ताचा प्रवास समजण्यास फारसे सायास पडणार नाहीत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आणि मालगुजारी गेल्यानंतर सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदल्या गेलेल्या तलावांचे पाणी पाटाने उतरते, या बांधीतून त्या बांधीत जिरत जाते, आणि जोर ओसरल्यावर जे उरते तेवढेच नाल्याला मिळते. हृदयाच्या दाबाने रोहिणीतून आलेले रक्तही असेच केशवाहिन्यांच्या जाळ्यात मंदावून मगच नीलेत शिरते. परंतु काहींच्या मेंदूत, बहुधा जन्मापासूनच, एखाद्या जागी या बांध्याच नसतात. रोहिणी गुंतवळ्यातून थेट नीलेला मिळते, आणि संथ ओघासाठी घडलेल्या त्या पातळ भिंतीवर तलावाचा सारा लोंढा येऊन आदळतो. वैद्यक याला ‘एव्हीएम’ म्हणते. तो फुटण्याचा संभव दरसाल शेकडा २ ते ४ असतो, आणि धडधाकट तरुणाला अकस्मात आलेला झटका ही पुष्कळदा त्याची पहिली वर्दी असते. म्हणून अशा झटक्याला नुसती मिरगी समजून मेंदूचे चित्र काढण्यात हयगय करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

गुंतवळा मेंदूच्या खोल, नाजूक भागी असला की सुरी तेथवर नेणे धोक्याचे ठरते. कवटी न उघडता किरणांनीच शस्त्रक्रिया करावी, ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडली. १९६८ साली स्टॉकहोममध्ये त्यांचे ‘गॅमा नाईफ’ यंत्र उभे राहिले, १९७० मध्ये पहिल्या एव्हीएमवर त्याचा प्रयोग झाला आणि १९९७ मध्ये ते मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले. कपाळाची व मागील बाजूची कातडी बधिर करून धातूची चौकट चार स्क्रूंनी डोक्यावर घट्ट बसवितात. रुग्ण जागा असतो, बोलतही असतो. त्या चौकटीच्या मापाने गुंतवळ्याचा ठाव निश्चित झाला की कोबाल्टचे सुमारे दोनशे किरण दोनशे दिशांनी सोडले जातात. प्रत्येक किरण एकेकटा इतका क्षीण की वाटेतील मेंदूला तो फारसा बाधत नाही. मात्र सारे जेथे एकवटतात, तेथील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जबर इजा होते.

रक्त त्याच दिवशी थांबत नाही, हे मात्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. दुखावलेली भिंत हळूहळू जाड होत जाते, आणि गाळाने पाटाचे तोंड बुजावे तसा वाहिनीचा मार्ग दोन-तीन वर्षांत बुजतो. तीन सेंटिमीटरांहून लहान गुंतवळ्यांपैकी बहुतेक अशा रीतीने बंद होतात. मोठ्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते. मार्ग बुजेपर्यंतच्या या मुदतीत रक्तस्रावाचे भय पूर्वीइतकेच कायम असते, आणि रुग्णाला तर काहीच जाणवत नसते. लाखांदूर किंवा पवनीकडील माणसाला अखेरच्या तपासणीसाठी वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून पुन्हा मुंबईची गाडी धरणे, तेही काही दुखत नसताना आणि रोवणीच्या ऐन हंगामात, जिवावर येते. तरीही ती फेरी चुकविता येत नाही. कारण गुंतवळा खरोखर नाहीसा झाला की नाही, याचा पक्का दाखला अँजिओग्राफीच्या त्या अखेरच्या चित्रातच मिळतो.