मोहरी, लिंबू आणि स्टोक्सचा नियम

मेसच्या ताटात एका कोपऱ्यात काकडीच्या चार चकत्या, बिटाच्या दोन आणि कांद्याची एक रिंग रोज हजेरी लावते. जेवण संपतं, पोरं उठतात आणि त्या चकत्या जशाच्या तशा बादलीत जातात. घर सुटल्यावर आपल्या खाण्यातून सगळ्यात आधी काय सुटत असेल, तर ही कच्ची भाजी. कारण विचारा, एकच उत्तर मिळतं, "चवच नाही रे त्याला!"

आता बघा, घरी हीच काकडी आई चोचवते, पिळून पाणी काढते, दाण्याचं कूट, लिंबू, साखर घालते आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी देते. मग आपण वाटी पुढे करून पुन्हा मागतो. काकडी तीच असते, फरक तिच्यावर काय पडतं याचा. साहेब लोक ह्यालाच ड्रेसिंग म्हणतात. दुकानात त्याची बाटली मिळते, पण आपल्या खिशाला ती झेपत नाही आणि झेपली तरी तिची गरज नाही. लागणारं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या डब्यांत असतंच : तेल, लिंबू, मीठ, साखर, मोहरी. गॅस लागत नाही, त्यामुळे हॉस्टेलच्या रेक्टरांचीही हरकत नसावी!

भांडण तेल-पाण्याचं

ड्रेसिंग म्हणजे मुळात आंबट पाणी आणि तेल. फ्रेंच पद्धतीत एक भाग व्हिनेगरला तीन भाग तेल असं जुनं प्रमाण आहे. आपल्याकडे लिंबू असतं आणि आपल्याला आंबट चालतं, म्हणून मी एकास दोन धरतो. बाटलीत दोन्ही घालून हलवलं की क्षणभर एकजीव दिसतं आणि दोन मिनिटांत तेल वर, पाणी खाली. असं का होतं?

हिशोब करू. दोन मोठे चमचे तेल म्हणजे साधारण ३० मिली. त्याचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सगळ्या थेंबांचं मिळून पृष्ठफळ होतं ६ गुणिले घनफळ भागिले व्यास, म्हणजे १८ चौरस मीटर. आपल्या कित्येक खोल्या याहून लहान आहेत! एवढा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, ती आपण हात हलवून देतो. पण हात थांबला की थेंब एकमेकांत मिसळून पृष्ठभाग कमी करायला बघतात. त्यात तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर चढतं.

इथे फ्लुइड मेकॅनिक्समधला स्टोक्स भेटतो. थेंब वर चढण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी केली की वेग चौथाई. शिवाय द्रव जेवढा घट्ट, तेवढा वेग कमी. म्हणजे कामं तीन : थेंब बारीक करा, पाणी थोडं घट्ट करा आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देऊ नका. हे तिसरं काम करणारा पदार्थ म्हणजे इमल्सिफायर. मेयोनीजमध्ये ते काम अंड्याचा बलक करतो. आपल्याकडे ते मोहरी करते.

फेसलेली मोहरी

मोहरीच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं. ते पाण्यात उतरलं की पाणी घट्ट होतं आणि तेलाचे थेंब वेगळे राहायला मदत होते. आज्जीच्या तोंडी "मोहरी फेसणं" हा शब्द असतो, तो आठवा. मोहरी पाणी घालून घोटायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत.

ह्या झिणझिण्यांचंही शास्त्र आहे. अख्खी मोहरी तिखट लागत नाही. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम काम सुरू करतं आणि तिखट द्रव्य तयार होतं. गरम तेलात हे एन्झाइम मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी नाकात जात नाही. आंबटानेही त्याचा वेग मंदावतो. म्हणून आधी नुसतं पाणी घालून दहा मिनिटं थांबायचं आणि मगच लिंबू पिळायचं. सौम्य हवं असेल तर लिंबू लगेच पिळा.

कृती (चार जणांना)

१. एक छोटा चमचा मोहरी कुटा, साल टाकू नका. दोन छोटे चमचे पाणी घालून दहा मिनिटं ठेवा.
२. झाकणाच्या काचेच्या बाटलीत ती मोहरी, एका लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा साखर किंवा गूळ घाला. विरघळेपर्यंत हलवा. मीठ-साखर तेलात विरघळत नाही, म्हणून तेल शेवटी.
३. दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल तीन हप्त्यांत घाला. प्रत्येक वेळी झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. सगळं एकदम ओतलं तर थेंब मोठे राहतात.

मिश्रण पिवळसर आणि दाट दिसू लागलं की जमलं. भाज्या चांगल्या पाण्याने धुवा आणि ड्रेसिंग अगदी खायच्या वेळी घाला. मिठामुळे ऑस्मोसिस होऊन काकडी पाणी सोडते आणि अर्ध्या तासात सॅलडचं सार होतं. आधीच कालवायचं असेल तर दाण्याचं कूट घाला, ते पाणी धरून ठेवतं. आणि तेलाला नाक मुरडू नका. गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागतेच.

जुगाड आवृत्ती

मोहरी कुटायचाही कंटाळा आहे? मग घरून आणलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी काढा. फोडी संपल्यावर तळाशी जो खार उरतो त्यात तेल, मोहरीची डाळ, मीठ, हळद, हिंग, आंबटपणा सगळं हजर असतं. दोन चमचे खार, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर, की ड्रेसिंग तयार. वेगळं मीठ मात्र घालू नका. त्यात दोन चमचे दही फेटलं तर आणखी छान, कारण दह्यातली प्रथिनंही थेंबांना धरून ठेवतात.

एक गोष्ट गंमतीची नाही

पुष्कळांना कच्चा लसूण तेलात बुडवून ती बाटली खोलीच्या फळीवर आठवडाभर ठेवायची हौस असते. हे करू नका. लसूण जमिनीतला, त्याच्यावर बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नाही, आम्ल पुरेसं नाही, म्हणजे त्यांना हवी तशी जागा. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम झाला होता. ह्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि त्याने श्वास घेणारे स्नायूसुद्धा बंद पडू शकतात. लसूण हवा असेल तर त्याच वेळी ठेचून घाला आणि तेव्हाच संपवा. बिनलसणाचं ड्रेसिंगही फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवलेलं बरं. फ्रिज नसेल तर रोज ताजं करा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुकानातली बाटली हातात आली तर मागचं लेबल जरूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पुष्कळ बाटल्यांवर आयएनएस ४१५ दिसेल. तो झँथन गम, म्हणजे पाणी घट्ट करणारा. तुमच्या मोहरीचाच मोठ्या कारखान्यातला व्यवसायबंधू!

आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलने इमल्शनचं उदाहरण विचारलं, तर दूध आणि रंग सोडून हे सांगा. दुपारी बारानंतर त्यांनाही भूक लागलेली असते.